प्रोबला हात लावायचा नाही

६ जानेवारी, सोमवार

सेंटरला नवीन डॉक्टर रुजू. निशांत नाव. एमबीबीएस, त्यावर सहा महिन्यांचं सोनोग्राफीचं ट्रेनिंग, परीक्षा पास. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. सर्टिफिकेटची फ्रेम घरूनच करून आणली होती, सरांच्या एमडीच्या फ्रेमपेक्षा वीतभर मोठी. खिळा मी ठोकला. "मॅडम, जरा डावीकडे. अजून. हां, नाही, परत उजवीकडे." फ्रेम सरळ आहे की वाकडी हे ठरवायला त्याला चार मिनिटं लागली. हा माणूस उद्यापासून लोकांच्या पोटात बघणार.

सरांची कंबर गेलीय. त्यात मंगळवार-शुक्रवार कुर्डुवाडीचं सेंटर. म्हणून हा घेतला. "शिकेल पोरगं," सर म्हणाले. कुणाच्या पोटावर, ते नाही सांगितलं.

माझं काम आहे तेच. पेशंटला झोपवायचं, जेल लावायचं, फॉर्म भरायचे, डॉक्टर बोलतील ते टाइप करायचं, जेल पुसायला टिश्यू द्यायचा. आठ वर्षं झाली. ह्यासाठी पुण्याला तीन वर्षं बी.एस्सी. इमेजिंग केलं, वर्गात दुसरी आले.

९ जानेवारी, गुरुवार

पोटावर फिरवायचा प्रोब नि. धरतो तो लग्नातल्या वाढप्यानं आमटीची पळी धरावी तसा. मूठ आवळून. आज एका माणसाची डावी किडनी शोधत होता, सहा मिनिटं. मी घड्याळ बघत होते. शेवटी तो माणूसच घाबरून म्हणाला, "डाक्टर, मला येकच हाय का?"

मी म्हणाले, "कुशीवर वळा काका." वळले. सापडली. नि. म्हणाला, "गॅस होता खूप." गॅस होता, पण पोटात नव्हता.

संध्याकाळी सरांना सांगितलं. सर म्हणाले, सांभाळून घे. म्हणजे कसं? तर त्याच्या मागे उभी राहा, काही सुटतंय वाटलं तर खोक. पेशंटसमोर बोलू नकोस, बरं दिसत नाही.

तर आता मी खोकणार. तीन वर्षांची डिग्री, आठ वर्षांचा अनुभव, आणि हुद्दा खोकण्याचा.

१९ जानेवारी, रविवार

रविवारचं लेक्चर. स्टँडजवळची ती पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट, खाली झेरॉक्सचं दुकान. बाहेर नवीन बोर्ड लागलाय: 'सोनोग्राफी टेक्निशियन व्हा! एका वर्षात परदेशात नोकरी!' बोर्डावर एक गोरी बाई प्रोब धरून हसतेय. कायद्यानं प्रोब फक्त डॉक्टरच्या हातात; ह्या जिल्ह्यात तो धरून हसणारी टेक्निशियन दुसऱ्या दिवशी तहसीलदारापुढे उभी असेल.

वर्गात बावीस मुली, चार मुलगे. मशीन नाही. मशीनचा फोटो आहे, भिंतीवर, लॅमिनेट केलेला. मी फोटोवर काठीनं दाखवते, हा ट्रॅकबॉल, हा गेन, हे चित्र थांबवायचं फ्रीजचं बटण. मुली वहीत फोटो काढतात, म्हणजे चित्र काढतात.

वेळापूरहून येणारी ऐश्वर्या पहिल्या बाकावर बसते. पहाटेची एसटी धरून येते. आज विचारलं, "मॅडम, मशीन आमच्या हातात कवा देनार?"

संचालक दारातच उभे होते. मी म्हणाले, "इंटर्नशिपमध्ये."

किती पटकन म्हणाले. थुंकावंसं वाटलं, पण कुणावर. संचालकांवर म्हणावं तर आरशात बघून सुरुवात करावी लागेल.

२८ जानेवारी, मंगळवार

सर कुर्डुवाडीला. नि. आणि मी. आज अकरा वेळा खोकले. नवव्या वेळी नि. म्हणाला, "मॅडम, गरम पाणी पीत जा. व्हायरल चालू आहे." खोकण्याचा अर्थ त्याला सरांनी सांगितलेलाच नाही! त्याच्या मनाला लागेल म्हणून. आणि मी तीन आठवडे घसा खरवडतेय.

शबानाआपा (रिसेप्शनला, माझ्याही आधीपासून) हसून हसून टेबलावर पडल्या. "अगे प्रज्ञा, उसकू क्या मालूम! मैं समझी तेरेकू सच्ची टीबी हुआ."

५ फेब्रुवारी, बुधवार

परदेशातल्या परीक्षेचा अर्ज पूर्ण भरला. तिकडे सोनोग्राफर हा स्वतंत्र धंदा आहे. बाई स्वतः स्कॅन करते, स्वतः मापं घेते, लिहून डॉक्टरला देते, डॉक्टर सही करतो. अभ्यास दोन वर्षं चाललाय. सगळं तयार. एकच कागद राहिलाय: "उमेदवाराने स्वतः केलेल्या स्कॅनबद्दल वरिष्ठ डॉक्टरांचे पत्र."

सरांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "प्रज्ञा, हे मी कसं लिहून देऊ? तू स्कॅन केलेस असं लिहिलं तर माझं सेंटर सील."

"तुम्हीच शिकवलंत सर."

खरंच शिकवलं. पहिल्या दोन वर्षांत, दुपारी पेशंट नसले की सर स्वतः टेबलावर झोपायचे, शर्ट वर करायचे. "शोध माझं लिव्हर. आता किडनी. मध्ये काय दिसतं? काही नाही ना? तिथं काही दिसलं तर पळायचं." शबानाआपांचा पित्ताचा खडा मी शोधलेला, सरांच्या आधी. तेव्हा सर सगळ्यांना पेढे वाटल्यासारखे सांगत होते, आपली प्रज्ञा बघा. बंद दाराआड.

"ते वेगळं," सर म्हणाले. "ते घरातलं."

कायदा का आहे ते मला कुणी समजावू नये. आत्याला तीन मुलींनंतर सासूनं दोनदा 'तपासायला' नेलं होतं, लांब, गाडी करून. तिसऱ्यांदा आत्याच राहिली नाही. आमच्या भिंतीवरचा 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा बोर्ड रोज सकाळी मी पुसते, आणि मनापासून पुसते. चिडचिड कायद्याची नाही. ते पाप ज्यांनी केलं ते सगळे सर्टिफिकेटवाले होते. आणि हात बांधले माझे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या काकूंनी गल्लीत हाक मारली, "डॉक्टरीणबाई, पोट बघता का जरा?" पप्पा ओट्यावर होते. रिटायर झाल्यापासून तिथंच असतात. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात चौतीस वर्षं फिटर. त्यांनीच परस्पर उत्तर दिलं, "ती डॉक्टर न्हाय. डॉक्टरच्या मागं हुबी ऱ्हाती."

मला राग आला. मग वाटलं, एवढं अचूक माझ्या कामाचं वर्णन कुणी केलेलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नीट क्रमानं लिहिते.

साडेबाराला पद्मा आली. सव्वीस वर्षांची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरी घडी करायच्या युनिटला. बरोबर सासू. तेलुगू घर. पाळी चुकून दीड महिना, पोट दुखतंय सकाळपासून, दोनदा उलटी. ओठ पांढरे. टेबलावर चढवताना तिनं उजवा खांदा धरला. "खांदा लई दुखतो मॅडम."

नि. म्हणाला, "घड्या घालता ना दिवसभर? खांद्याचं नंतर बघू."

सर कुर्डुवाडीला.

त्यानं प्रोब ठेवला, खाली, गर्भाशयावर. आत एक छोटा काळा ठिपका. "हे बघा, पिशवी दिसतेय. सुरुवातीची प्रेग्नन्सी. मॅडम, लिहा, दोन आठवड्यांनी परत."

मला ठिपका आवडला नाही. पिशवीची कड जाड, पांढरी असते. ही कड नव्हतीच, नुसतं मध्येच साचलेलं पाणी. मी खोकले. नि. नं बघितलंही नाही. परत खोकले. "गोळी घ्या मॅडम."

मी म्हणाले, "डॉक्टर, वर बघता का? लिव्हरजवळ."

"पाळी चुकलीय तिची, लिव्हरचं काय?"

पद्माच्या मनगटाला हात लावला. घाम, गार. नाडी धावत होती. सासू विचारते, पोर बरी हाय ना? नि. म्हणतो, हो हो, अभिनंदन. अभिनंदन म्हणाला! आणि प्रोब उचलून स्टँडवर ठेवायला वळला.

मी त्याच्या हातातून घेतला. ठेवू दिलाच नाही. उजव्या बरगडीखाली लावला. आठ वर्षं स्वप्नात लावतेय तिथंच. लिव्हर, किडनी, आणि दोन्हींच्या मध्ये काळी पट्टी, बोटभर जाड. जिथं काही नसायला हवं तिथं.

"हे रक्त आहे," मी म्हणाले. "गर्भ नळीत होता. नळी फुटलीय. खांदा त्यानंच दुखतोय."

नि. पडद्याकडे बघत राहिला. चार सेकंद असतील. मला वाटलं, आता ओरडेल, हात कसा लावलात म्हणून. तर पांढरा पडून म्हणाला, "काय करू?" मला विचारलं. रजिस्टर्ड डॉक्टरनं.

"फोन करा. तुमचा फोन लगेच घेतील, माझा नाही."

केला. पलीकडच्या चौकातल्या हॉस्पिटलच्या बाईंना. ॲम्ब्युलन्सला वीस मिनिटं म्हणाले तर त्यानं पद्माला उचललं आणि स्वतःच्या गाडीत घातलं. मागच्या सीटवर सासू, मी, मध्ये पद्मा. सिग्नल तोडला.

दोनला ऑपरेशनला घेतली. पोटात दीड लिटर रक्त. साडेचारला बाहेर. आहे. एक नळी गेली, पण आहे.

एवढंच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट वाचला. काल संध्याकाळी नि. नं टाइप केलेला, स्वतः. लिव्हर-किडनीमधलं द्रव, सगळं नीट, बरोबर शब्दांत. खाली त्याची सही. दुपारी हॉस्पिटलच्या बाईंचा सरांना फोन, स्पीकरवर: "तुमच्या नव्या मुलाची नजर काय आहे हो! खांद्याच्या दुखण्यावरून पकडलं." नि. समोर उभा. बुटांकडे बघत. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. बूट छान होते.

नंतर सरांनी मला आत बोलावलं. सगळं माहीत होतं, शबानाआपांनी सांगितलं असणार. मला वाटलं, निदान एक शब्द.

"प्रोब हातात घेतलास हे बाहेर बोलायचं नाही."

मी म्हणाले, "ती मेली असती."

"म्हणून तर म्हणतोय. वाचली आहे ना? मग गप्प बसायला सोपं आहे."

ह्याच माणसाच्या पोटावर मी शिकले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जे व्हायला नको ते झालं, आणि आभार मानताना झालं.

पद्माची सासू आली. हातात त्यांच्या युनिटची चादर, नारळ, हळदकुंकू. वेटिंगला पंधरा माणसं, पाणी पिऊन लघवी तुंबवून बसलेली, कंटाळलेली. म्हातारी सगळ्यांसमोर माझे हात धरून रडायला लागली. "ही म्याडम मशीन लावली म्हणून आमची पोरगी हाय! ते डाक्टर नुसता बघत हुबा होता. ही म्याडम त्याच्या हातातून घेतली, लावली, आणि सांगितली, रक्त हाय!"

मी म्हणाले, आजी, बसा, चहा घ्या. ती अजून मोठ्यानं. शबानाआपांनी आत न्यायचा प्रयत्न केला तर त्यांनाही सांगायला लागली, पहिल्यापासून.

कोपऱ्यात एक माणूस मोबाइल धरून बसला होता. गेल्या महिन्यात बायकोला घेऊन आला होता तो, 'काय आहे तेवढं सांगा की' म्हणत होता. सरांनी हाकलला होता. आज मोबाइल सरळ धरला होता. नको तेवढा सरळ.

चादर घरी आणली. पप्पांनी वीण बघितली, म्हणाले, "झ्याक हाय." अंथरली नाही अजून.

५ मार्च, बुधवार

तक्रार गेली. 'डॉक्टर नसलेली महिला गरोदर बायकांची सोनोग्राफी करते.' व्हिडिओसकट. म्हातारीचा आवाज स्वच्छ आलाय म्हणे.

साडेअकराला महापालिकेचं पथक. तिघं जण. शबानाआपा आत धावत: "वो लोगां आए, प्रज्ञा, तू किचनमें जा." मी कशाला जाऊ?

रजिस्टर, फॉर्म, मशीनचा नंबर, सगळं तपासलं. सगळे फॉर्म माझ्या अक्षरातले, एक खाडाखोड नाही. पथकाच्या प्रमुख एक डॉक्टर बाई, पन्नाशीच्या, कॉटनची साडी, अजिबात हसत नाहीत. फॉर्म उलटत म्हणाल्या, "हे कोण भरतं?" मी. "बरे भरता." मग मशीनला तात्पुरतं सील. चौकशी होईपर्यंत बंद. २१ तारखेपर्यंत आम्हा तिघांचे लेखी जबाब.

लाखेचा वास अजून खोलीत.

काय गंमत. जो माणूस मुलगी की मुलगा विचारत होता, तो तक्रारदार. कायद्याचा रक्षक.

८ मार्च, शनिवार

सरांनी माझा जबाब तयार करून ठेवला होता. टाइप करून. "मी प्रोबला हात लावलेला नाही. रुग्णाच्या नातेवाईक वयस्कर व घाबरलेल्या असल्याने त्यांचा गैरसमज झाला असावा." सहीची जागा पेन्सिलनं फुली मारून दाखवलेली, जशी अडाणी माणसाला दाखवतात.

"सगळ्यांचंच भलं आहे यात," सर म्हणाले. "तुझंही. हात लावलास म्हणून लिहिलंस तर केस तुझ्यावर. तिकडची परीक्षा, पासपोर्ट, सगळं संपलं."

खोटं नाही बोलत होते. तेच जास्त संतापजनक.

कागद पर्समध्ये घातला. सही केली नाही, नाहीही म्हणाले नाही. नि. सारखंच की.

९ मार्च, रविवार

लेक्चर. आज काठी घेतलीच नाही. फोटोकडे पाठ करून उभी राहिले आणि सांगितलं. हा कोर्स करून तुम्हाला आपल्याकडे सोनोग्राफी करता येणार नाही. एक्स-रे करता येईल, ट्रेनिंग घेतलं तर सीटी, एमआरआय मशीन चालवता येईल, त्यात चांगलं काम आहे, पण त्याला मान्यता असलेली डिग्री लागते, ही नाही. सोनोग्राफीचा प्रोब फक्त डॉक्टरच्या हातात. बोर्डावरची बाई इथली नाही. तिच्या देशात जायचं तर तुम्ही स्कॅन केल्याचं पत्र लागतं आणि इथं स्कॅन केला तर गुन्हा. मला विचारा.

एक मुलगी वही बंद करून रडायला लागली. मग ऐश्वर्या उभी राहिली.

"मग मॅडम, तुमी कशा शिकल्या?"

"चोरून."

"आन आमाला जानेवारीत खोटं का सांगितलं?"

दुसरं कुणी असतं तर मी उर्मट म्हणाले असते. म्हणाले, "भित्री आहे म्हणून."

ती बसली नाही. "आमी आता काय करावं?" मी तिला सरकारी कॉलेजच्या प्रवेशाचं सांगितलं, कुठला फॉर्म, कुठल्या महिन्यात, बारावीचे मार्क किती लागतील. तिनं सगळं लिहून घेतलं. चिडलेल्या अक्षरात, पण घेतलं.

संचालकांनी जिन्यात गाठलं. "पुढच्या रविवारपासून येऊ नका. मुलांचं मनोबल खच्ची करता तुम्ही." मनोबल! ह्या शब्दाला लॅमिनेट करून भिंतीवर लावायला हवं त्यांनी.

१२ मार्च, बुधवार

सेंटर बंद, तरी जातो सगळे. काम नाही. शबानाआपा दुपारी मला म्हणाल्या, "मेरेकू पूछे तो मैं बोलूंगी मैं बाहर थी. मैं बाहरच थी." खरं आहे ते. तरी त्यांनी मान वळवून सांगितलं.

नि. पॅन्ट्रीत आला. दोन कप चहा घेऊन. मी नको म्हणाले. त्यानं दोन्ही ठेवले.

"मॅडम, तो रिपोर्ट... मी तुमचं नाव कसं लिहिणार होतो?"

"मी विचारलं का?"

"त्या फोनच्या वेळी मी बोलायला हवं होतं."

"हो."

मग सांगत बसला. एमडीच्या प्रवेशपरीक्षेला तीनदा बसला, तीनदा नाही. वडिलांचं नर्सिंग होम, वडिलांनी ट्रेनिंगला पाठवलं. सहा महिन्यांत प्रोब किती वेळा हातात आला? "आम्ही आठ जण एका मशीनभोवती. मी मागे उभा असायचो. बहुतेक वेळा मला लोकांच्या पाठी दिसायच्या."

मी जवळजवळ हसले. म्हणजे हाही मागेच उभा होता. फरक एवढाच की त्याला मागे उभं राहिल्याचं सर्टिफिकेट मिळालं.

"मी खरं लिहून देतो," तो म्हणाला. "पडद्यावर तुम्ही दाखवलंत असं."

"दाखवलं नाही. हातातून घेतला."

"तेही?"

"तुमचं तुम्ही ठरवा."

मला विश्वास नाही. हा फ्रेम सरळ करताना डावी-उजवी करणारा माणूस आहे. पण चहा प्याले. साखर बरोबर होती.

१७ मार्च, सोमवार

पप्पांना आज कागद दाखवला. सरांनी टाइप केलेला. ऊन लागतंय म्हणून ओट्यावरून आत आले होते. चष्मा लावून दोनदा वाचला.

"हे तू बोल्लीस?"

"नाही. सरांनी लिहिलंय."

"मग सही त्येंची घे की."

मी समजावलं. केस होईल, परदेश बुडेल, नोकरीही जाईल. पप्पांनी ऐकून घेतलं. वर्कशॉपात एकदा बोगीचा ब्रेक न तपासता 'तपासला' म्हणून सही कर असं साहेब म्हणाला होता, ते मला माहीत आहे, आईनं सांगितलेलं. त्यांनी केली होती. काही झालं नव्हतं, गाडी नीट गेली, नीट आली. पण नंतर कितीतरी दिवस ती गाडी यायच्या वेळेला पप्पा फलाटावर जाऊन उभे राहायचे.

आज मला वाटलं, तेच सांगतील. नाही सांगितलं. एवढंच म्हणाले, "ती बाई वाचली न्हवं?"

"हो."

"मग त्यात लपवायचं काय हाय?" आणि जेवायला वाढ म्हणाले.

फार सोपं करतात ते. मला राग येतो ह्या सोप्याचा. त्यांच्यावर केस होणार नाहीये.

१९ मार्च, बुधवार

हातानं लिहिला. दोन पानं. पाच वेळा फाडला. पहिल्या चार वेळा मी शूर दिसत होते, म्हणून फाडला. पाचव्यांदा नि. मूर्ख दिसत होता, म्हणून. मूर्ख आहे, पण गाडी त्यानं चालवली.

सहाव्यांदा नुसतं जे झालं ते. किती वाजता, काय दिसलं, प्रोब कुणाच्या हातात, कुणी फोन केला. लिंग वगैरेचा प्रश्नच नव्हता, तेही लिहिलं. सरांनी मला शिकवलं हे लिहू की नको यात तास गेला. शेवटी: 'मी अनुभवातून शिकले.' हे खरं पण आहे आणि भित्रं पण आहे. राहू दे. एवढा भित्रेपणा सरांच्या त्या पोटाला देणं लागते.

लिहून झाल्यावर लक्षात आलं, मी स्कॅन केला असं सांगणारा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच कागद. आणि तो गुन्ह्याच्या फाइलला जाणार. तिकडच्या लोकांना हीच प्रत पाठवावी का? हसू आलं, मग नाही आलं.

२१ मार्च, शुक्रवार

सरांना आधी सांगितलं. फोनवर, ते कुर्डुवाडीला असताना. मागे गाडीची अनाउन्समेंट ऐकू येत होती, स्टेशनवर असणार. मग म्हणाले, "सगळं लिहिलंस?"

"तुम्ही शिकवलंत, ते नाही."

"का नाही?" सर म्हणाले. जरा रागानंच. मग फोन ठेवला. ह्याचा अर्थ काय लावायचा मी? दिवसभर लावतेय.

अकराला महापालिकेत. ऊन असं की पायऱ्यांना हात लावला तर चटका. बाहेर बाकावर पाऊण तास. त्या डॉक्टर बाईंच्या केबिनमध्ये टेबलावर एक पाकीट आधीच होतं, वर नि. चं नाव छापलेलं. उघडलेलं. आत काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही, बाईंनी वाचूही दिलं नसतं.

माझी दोन पानं त्यांनी उभ्यानंच वाचायला घेतली. पहिलं पान भरभर. दुसऱ्यावर थांबल्या. खुर्चीत बसल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. पाणी विचारलं नाही. शिपायाला म्हणाल्या, दार लोटून घे.

"हे असं दिलंत तर मला कारवाई करावी लागेल. कळतंय?"

"कळतंय मॅडम."

"मागे घ्यायचं असेल तर आत्ता."

मी कागद घ्यायला हात पुढे केला नाही. ह्या वेळी खोकलेही नाही.

त्यांनी परत कागदाकडे बघितलं. त्याच ओळीवर बोट. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, जसं एका डॉक्टरनं दुसऱ्याला विचारावं:

"लिव्हर आणि किडनीच्या मध्ये. पट्टी किती जाड होती?"

आठ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"दीड सेंटीमीटर," मी म्हणाले. "थोडी जास्तच. मोजायला वेळ नव्हता."

"गर्भाशयात?"

"खोटी पिशवी. कड नव्हती."

बाईंनी मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, कळलं नाही. दोन्ही पानांवर तारखेचा शिक्का मारला, नि. च्या पाकिटाबरोबर फाइलमध्ये लावली, फाइल उचलली आणि आतल्या केबिनमध्ये गेल्या. मोठ्या साहेबांकडे.

"थांबा बाहेर," जाताना म्हणाल्या.

थांबले. दीड वाजला, जेवणाची सुट्टी झाली. शिपाई म्हणाला, आज काही होत नाही, सोमवारी या.